मार्चची ‘इडस’ : ब्रूटसचे चांदीचे नाणे आणि त्यामागील इतिहास

नाणे हे इतिहासाच्या अभ्यासाचे एक महत्त्वाचे साधन आहे. ग्रंथांच्या प्रती शतकानुशतके नकलून काढल्या गेल्या, त्यांत भर पडली, काही भाग गळालाही. नाण्याचे तसे नाही. ज्या दिवशी ते टांकसाळीतून बाहेर पडले, त्या दिवशीची अक्षरे आणि चित्रे ते आजही तशीच दाखवते. म्हणून नाणे हा विश्वासू साक्षीदार मानला जातो. परंतु कोर्टात साक्षीदाराची उलटतपासणी होते, तशी नाण्याचीही करावी लागते. कारण नाणे पाडणारा माणूस त्यावर स्वतःचीच बाजू मांडत असतो.

प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका नाण्याची माहिती आमच्या सभासद बंधुभगिनींपुढे आणि विशेषतः विद्यार्थी मित्रांपुढे ठेवीत आहोत. हे नाणे प्राचीन रोमचे, चांदीचे, सुमारे दोन हजार सहासष्ट वर्षांपूर्वीचे आहे. आपल्या जुन्या एक रुपयाच्या नाण्यापेक्षाही ते लहान आहे. वजन चार ग्रॅमच्या आत. त्याचे चांदीतील ज्ञात नमुने जगभरात शंभराच्या आसपास असावेत आणि सोन्यातील तर फक्त तीन. या इवल्याशा चकतीवर एका खुनाची तारीख आहे आणि त्या खुनाला स्वातंत्र्याचे नाव दिलेले आहे. ते स्वातंत्र्य कोणाचे, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

नाण्याचे वर्णन

नाण्याच्या पुढील बाजूस उजवीकडे पाहणारा एका पुरुषाचा चेहरा आहे. डोके उघडे, मुकुट किंवा पाने नाहीत. हा मार्कस ज्युनियस ब्रूटस. भोवती लॅटिन अक्षरे आहेत : ‘ब्रुट इम्प’ आणि ‘एल प्लेट सेस्ट’. पहिल्याचा अर्थ ‘ब्रूटस, इम्पेरातोर’, म्हणजे विजयी सेनापती. दुसरे नाव लुसियस प्लेटोरियस सेस्टियानस या अधिकाऱ्याचे. नाणी पाडण्याचे काम त्याच्या देखरेखीखाली झाले.

मागील बाजूस मध्यभागी एक गोलसर टोपी आहे. तिच्या दोन्ही अंगांना टोके खाली केलेले दोन खंजीर. नीट पाहिल्यास दोन्ही खंजिरांच्या मुठी वेगवेगळ्या घडणीच्या दिसतात. त्यांवरून एक खंजीर ब्रूटसचा आणि दुसरा त्याचा सहकारी कॅसियसचा, असा अर्थ लावला जातो. खाली फक्त दोन शब्द : ‘एइड मार’, म्हणजे मार्च महिन्याची इडस.

रोमन लोक महिन्याचे दिवस आपल्यासारखे एकापासून मोजत नसत. महिन्यात कॅलेंड्स, नोनेस आणि इडस असे तीन ठरलेले दिवस असत आणि बाकीचे दिवस त्यांच्या आधी किती, असे मोजले जात. मार्च, मे, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांत इडस १५ तारखेला येई, इतर महिन्यांत १३ तारखेला. म्हणजे नाण्यावरील तारीख १५ मार्च होय. वर्ष लिहिलेले नाही, कारण त्या काळी ते कोणाला सांगण्याची गरज नव्हती. इ.स.पू. ४४ च्या १५ मार्च रोजी रोममध्ये ज्युलियस सीझरचा खून झाला होता.

दिनारियस म्हणजे काय ?

हे नाणे ‘दिनारियस’ या जातीचे आहे. कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी रोमचे युद्ध चालू असताना, इ.स.पू. २११ च्या सुमारास, रोमने चांदीचे हे नवे नाणे सुरू केले. आरंभी एका दिनारियसचे तांब्याचे दहा ‘अॅस’ होत, म्हणून ‘दहाचा’ या अर्थाने हे नाव पडले. पुढे हाच भाव सोळा अॅस झाला, तरी नाव तेच राहिले. संस्कृतातील ‘दीनार’ हा शब्द याच नावावरून आलेला आहे.

नाणे हाताने पाडले जाई. चांदीची चकती तापवून खालच्या ठशावर ठेवीत, वर दुसरा ठसा धरून हातोड्याचा घाव घालीत. त्यामुळे एकाच ठशाची दोन नाणीही तंतोतंत सारखी निघत नाहीत. कुठे अक्षर काठाबाहेर जाते, कुठे चित्र एका बाजूला सरकते.

या नाण्याची किंमत समजण्यासाठी एक हिशेब उपयोगी पडेल. सीझरच्या काळात रोमन शिपायाचा पगार वर्षाला २२५ दिनारियस होता. म्हणजे आठवड्याला साधारण चार नाणी. आपण ज्या नाण्याचा अभ्यास करीत आहोत ते मुळात शिपायाच्या हातात पडण्यासाठीच पाडलेले होते.

चेहऱ्याचा प्रश्न

परंपरेनुसार इ.स.पू. ५०९ मध्ये रोमने आपला शेवटचा राजा टार्क्विन याला हाकलून दिले. त्यात पुढाकार घेणाऱ्याचे नाव लुसियस ज्युनियस ब्रूटस. तेव्हापासून राजा या शब्दाचीच रोमन लोकांना चीड होती. रोमच्या टांकसाळीत पडणाऱ्या नाण्यांवर देवदेवता दिसत, मेलेले पूर्वज दिसत, पण जिवंत माणसाचा चेहरा दिसत नसे. तो मान परदेशच्या राजांचा समजला जाई.

हा रिवाज इ.स.पू. ४४ च्या आरंभी मोडला. यादवी युद्धात विजयी झालेल्या ज्युलियस सीझरला सीनेटने ‘आजीव हुकूमशहा’ केले आणि रोमच्या दिनारियसवर त्याचा चेहरा आला. ज्यांना प्रजासत्ताक बुडते आहे असे वाटत होते, त्यांच्या दृष्टीने ही शेवटची पायरी होती. साठाहून अधिक माणसे कटात सामील झाली. १५ मार्च रोजी पाँपीच्या नाट्यगृहाला लागून असलेल्या सभागृहात सीनेटची बैठक होती. तेथे सीझरवर खंजिरांचे वार झाले. सुएटोनियस हा चरित्रकार जखमांची संख्या २३ देतो.

कटाचा एक पुढारी मार्कस ब्रूटस आपले कूळ त्या जुन्या ब्रूटसपर्यंत नेत असे. दहा वर्षांपूर्वी, इ.स.पू. ५४ च्या सुमारास, तरुणपणी टांकसाळीचा अधिकारी असताना त्याने जी नाणी पाडली, त्यांतील एकावर ‘लिबेर्तास’ म्हणजे स्वातंत्र्यदेवतेचे मुख आणि मागे राजाला हाकलणारा तो पूर्वज होता. तेव्हाही तो नाण्यांतूनच बोलत होता.

आता विद्यार्थ्यांनी आपल्या नाण्याची पुढील बाजू पुन्हा पाहावी. सीझरने नाण्यावर आपला चेहरा घातला हा त्याच्या राजेपणाच्या हव्यासाचा पुरावा मानला गेला. त्याला मारणाऱ्या ब्रूटसने दोनच वर्षांत आपल्या नाण्यावर स्वतःचा चेहरा घातला. याचे समर्थन करता येईल. शिपायांना आपला सेनापती ओळखता यावा, असे कोणी म्हणेल. तरीही नाण्याच्या दोन बाजू एकमेकींशी भांडतात, ही गोष्ट लपत नाही. मागील बाजू म्हणते, एका माणसाची सत्ता संपवली. पुढील बाजू म्हणते, हा पाहा तो माणूस.

टोपी कोणाची ?

नाण्यावरील टोपीला रोमन लोक ‘पिलेयस’ म्हणत. ती लोकरीची साधी टोपी होती. धनी आपल्या गुलामाला मुक्त करी, तेव्हा त्या गुलामाचे डोके भादरून त्यावर ही टोपी घालण्याची रीत होती. मुक्तीचा एक विधी अधिकाऱ्यासमोर होई. त्यात गुलामाला काठीचा स्पर्श करून तो मुक्त झाल्याचे जाहीर करीत. या मुक्तीवर सरकार गुलामाच्या किमतीच्या पाच टक्के कर घेई. मुक्त झालेला माणूस रोमचा नागरिक होऊ शके, परंतु जुन्या धन्याची काही कामे आणि त्याचा मान राखणे त्याच्यावर बंधनकारक राही.

म्हणजे ही टोपी समाजाच्या सर्वांत खालच्या थरातील माणसाची होती. ज्याला बाजारात विकता येई, ज्याला फटके मारण्यास धन्याला कोणाची परवानगी लागत नसे, त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस म्हणजे ही टोपी डोक्यावर येण्याचा दिवस. सीझरला मारल्यावर कटवाले बाहेर पडले, तेव्हा त्यांच्यातील एकाने भाल्याच्या टोकावर अशी टोपी धरली होती, असे अॅपियन हा इतिहासकार सांगतो. तीच टोपी नंतर नाण्यावर आली. सीझरच्या राज्यात आम्ही सर्व गुलाम झालो होतो आणि आता मुक्त झालो, असा तिचा अर्थ होता.

येथे आमच्या मते या नाण्याची खरी उलटतपासणी सुरू होते. हे म्हणणारे कोण होते ? ते सीनेटचे सभासद होते. जमिनीचे, वाड्यांचे आणि गुलामांचे मालक होते. या घटनेच्या तीसेक वर्षांपूर्वी, इ.स.पू. ७३ ते ७१ या काळात, स्पार्टाकसच्या नेतृत्वाखाली इटलीतील हजारो गुलामांनी खऱ्याखुऱ्या मुक्तीसाठी लढा दिला होता. रोमच्या सीनेटने तो सैन्य पाठवून मोडला आणि जिवंत सापडलेल्या सहा हजारांना काप्वा ते रोम या रस्त्याच्या कडेने क्रूसावर चढवले. त्यांच्यासाठी टोपी नव्हती.

नाण्याच्या धातूचीही चौकशी करावी. रोमला चांदी पुरवणाऱ्या मोठ्या खाणी स्पेनमध्ये होत्या. न्यू कार्थेजजवळच्या खाणींत चाळीस हजार माणसे राबत, असे पॉलिबियसच्या आधारे स्ट्रेबोने लिहून ठेवले आहे. स्पेनच्या खाणींत गुलामांचे काय हाल होत, दिवसरात्र जमिनीखाली राबून ती माणसे कशी मरत, याचे वर्णन डायोडोरसने केले आहे. ब्रूटसच्या एखाद्या विशिष्ट नाण्याची चांदी कोणत्या खाणीतली हा वेगळा प्रश्न आहे. पण रोमचा चांदीचा व्यवहार ज्यांच्या श्रमावर उभा होता, त्यांच्याच मुक्तीची खूण नाण्यावर त्यांच्या धन्यांनी स्वतःसाठी वापरली, एवढे निश्चित म्हणता येते.

ब्रूटसचा हिशेब

ब्रूटस हा विद्वान होता, तत्त्वज्ञानाचा अभ्यासक होता, त्याच्या प्रामाणिकपणाची शत्रूही तारीफ करीत. म्हणूनच त्याच्याविषयीची एक गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. सायप्रस बेटावरील सलामिस या शहराला त्याने दलालांमार्फत कर्ज दिले होते. व्याज दरसाल ४८ टक्के. त्या प्रांतात कायदेशीर मर्यादा १२ टक्क्यांची मानली जात होती. वसुलीसाठी त्याच्या माणसाने घोडेस्वार घेऊन सलामिसच्या नगरसभेला वेढा घातला आणि त्यात पाच सभासद उपासमारीने मेले. इ.स.पू. ५१-५० मध्ये तेथे सुभेदार म्हणून गेलेल्या सिसेरोला खरा सावकार ब्रूटसच आहे हे कळले, तेव्हा तो चकित झाला. हे आपल्याला सिसेरोच्याच पत्रांवरून समजते.

खुनानंतरचा इतिहासही असाच आहे. रोमच्या सामान्य जनतेने कटवाल्यांचे स्वागत केले नाही. सीझरच्या मृत्युपत्रात प्रत्येक नागरिकाला ७५ दिनारियस ठेवलेले निघाले आणि लोक आणखी खवळले. ब्रूटस व कॅसियस यांना इटली सोडून पूर्वेकडे जावे लागले. इकडे सीझरचा सहकारी मार्क अँटनी, दत्तक वारस ऑक्टेव्हियन आणि लेपिडस यांनी इ.स.पू. ४३ मध्ये सत्ता हाती घेतली. विरोधकांच्या नावांच्या याद्या लावून त्यांनी माणसे मारली. सिसेरोही त्यातच मारला गेला.

पूर्वेत ब्रूटस व कॅसियस यांनी सैन्य उभे केले. सैन्याला पगार हवा आणि पगाराला चांदी हवी. ती शहरांकडून वसूल केली गेली. लिशिया प्रांतातील झँथस शहराने पैसे देण्यास नकार दिला, तेव्हा ब्रूटसने त्याला वेढा घातला. शहर पडले तेव्हा तेथील लोकांनी शरण जाण्यापेक्षा आपल्या हाताने घरे पेटवून मरण पत्करले. कॅसियसने ऱ्होड्स बेट लुटले. आपले नाणे या मोहिमेच्या अखेरच्या काळातले, इ.स.पू. ४३-४२ मधले आहे. ते रोममध्ये पडलेले नाही. सैन्याबरोबर हिंडणाऱ्या टांकसाळीत ते पडले. लढाईपूर्वी प्रत्येक शिपायाला १५०० दिनारियस वाटल्याचे अॅपियन सांगतो. वर दिलेल्या पगाराच्या हिशेबाने ही साडेसहा वर्षांहून अधिक काळाची कमाई होते. स्वातंत्र्यासाठी लढा, असे नाण्यावर होते. परंतु शिपाई उभा राहिला तो किती नाणी मिळतात हे मोजून, हेही तितकेच खरे.

इ.स.पू. ४२ च्या ऑक्टोबरमध्ये ग्रीसच्या उत्तरेस फिलिपाय येथे दोन लढाया झाल्या. पहिलीनंतर कॅसियसने आत्महत्या केली, दुसरीनंतर ब्रूटसने. प्रजासत्ताक परत आले नाही. ऑक्टेव्हियन इ.स.पू. २७ मध्ये ‘ऑगस्टस’ झाला आणि त्यानंतर रोमच्या नाण्यावर सत्ताधीशाचा चेहरा असणे ही नेहमीचीच गोष्ट होऊन बसली.

दुर्मिळता, नकला आणि एक धडा

पराभूत पक्षाने थोड्याच महिन्यांत पाडलेले नाणे म्हणून हे दुर्मिळ आहे. पण त्याची कीर्ती जुनी आहे. इ.स. तिसऱ्या शतकात लिहिणाऱ्या डायो कॅसियसने आपल्या ग्रंथात या नाण्याचे, त्यावरील चेहरा, टोपी आणि दोन खंजिरांसह वर्णन केले आहे. प्राचीन ग्रंथात एखाद्या नाण्याचे असे वर्णन यावे आणि ते नाणेही आज हाती असावे, हा योग क्वचितच येतो. इ.स. ६८ मध्ये नीरो बादशहाविरुद्धच्या उठावाच्या काळात दोन खंजीर आणि टोपी ही खूण पुन्हा नाण्यावर आली. ‘रोमन जनतेचे स्वातंत्र्य परत आले’ असे त्यावर कोरले होते. परत आला तो पुढचा बादशहा.

प्राचीन काळीही या नाण्याच्या नकला झाल्या. आत तांबे आणि वर चांदीचा पत्रा असे नमुने मिळालेले आहेत. म्हणून अभ्यासक वजन, कडा आणि ठसे तपासतात. पण तेवढ्याने भागत नाही. नाणे कोठून आले, कोणत्या मार्गाने आले याचे कागदही खरे असावे लागतात. २०२० मध्ये या जातीचे सोन्याचे एक नाणे लंडनमधील लिलावात सुमारे ४२ लाख डॉलरला गेले. पुढे त्याच्या मालकीचे कागद खोटे असल्याचे उघड झाले आणि २०२३ मध्ये अमेरिकेतील अधिकाऱ्यांनी ते नाणे ग्रीस देशाच्या स्वाधीन केले. नाणे जमिनीतून चोरून काढले की त्याच्याबरोबरचा इतिहास नष्ट होतो. ते कोणत्या थरात होते, कशाच्या शेजारी होते, हे मग कधीच कळत नाही.

आपल्याशी असलेला संबंध

रोमची नाणी व्यापाराबरोबर भारतातही आली. येथे सापडणारे चांदीचे दिनारियस प्रामुख्याने ऑगस्टस आणि टायबेरियस यांचे असून त्यांचे मोठे साठे दक्षिण भारतात मिळाले आहेत. भडोच बंदरात रोमची सोन्याचांदीची नाणी आणून स्थानिक नाण्यांशी नफ्याने बदलत, अशी नोंद ‘पेरिप्लस’ या इ.स. पहिल्या शतकातील ग्रंथात आहे. त्याच व्यापारी वाटांवर कार्ले आणि जुन्नर येथील बौद्ध लेणी कोरली गेली. तेथील शिलालेखांत दान देणाऱ्या यवनांची नावे आजही वाचता येतात.

नाणे ही राजकीय घोषणा असते, याचे उदाहरण तर आपल्या नाशिक जिल्ह्यातच आहे. १९०६ मध्ये जोगळटेंभी येथे चांदीच्या तेरा हजारांवर नाण्यांचा साठा सापडला. ती क्षत्रप नहपानाची नाणी होती, त्यावर त्याचा चेहरा होता. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने त्या चेहऱ्यावरूनच आपला ठसा मारलेला आहे. सत्ता कोणाची हे सांगण्यासाठी त्याला वेगळ्या जाहीरनाम्याची गरज पडली नाही.

विद्यार्थ्यांना आमची एक सूचना आहे. शेतात, घराच्या पायात किंवा नदीकाठी जुने नाणे सापडल्यास ते चिंचेने किंवा राखेने घासू नये. सोनाराकडे तर मुळीच नेऊ नये. जागा लिहून ठेवावी आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवावे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार ते आपले कर्तव्यही आहे.

समारोप

ब्रूटसचे नाणे खोटे बोलते असे आम्हांला म्हणायचे नाही. एका माणसाच्या हाती सर्व सत्ता जाणे वाईट, हे त्यावरचे म्हणणे खरेच होते. परंतु त्याने ‘आम्ही मुक्त झालो’ असे म्हटले, तेव्हा त्या ‘आम्ही’मध्ये खाणीतला माणूस नव्हता, सलामिसचा उपाशी मेलेला सभासद नव्हता आणि झँथसची जळालेली घरेही नव्हती. टोपी गुलामाची घेतली आणि गुलामाला जागच्या जागी ठेवले. पुढे कधी कोठेही, नाण्यावर, झेंड्यावर किंवा भाषणात, स्वातंत्र्य हा शब्द दिसला की त्यातील ‘आम्ही’ कोण, एवढा एक प्रश्न विचारण्याची सवय या छोट्या नाण्याने आपल्याला लावली, तरी त्याचा अभ्यास सार्थकी लागला असे आम्ही समजतो.

अभ्यासासाठी प्रश्न

१. या नाण्याच्या दोन बाजूंत कोणता विरोध दिसतो ? त्याचे समर्थन कसे करता येईल ?
२. पिलेयस टोपीचा मूळ अर्थ आणि नाण्यावरील अर्थ यांत काय फरक आहे ?
३. पगार, कर्ज आणि वसुली यांच्या माहितीमुळे नाण्यावरील घोषणेकडे पाहण्याची आपली दृष्टी कशी बदलते ?
४. आपल्या खिशातील एखादे नाणे घ्या. त्यावरील चित्रे व अक्षरे पाहून ते कोणाच्या वतीने काय सांगते, ते दहा ओळींत लिहा.